गळ निवडण्याची रात्र

अमेरिकेतील मेरीलँड राज्यात, चेसापीकच्या उपसागरापासून थोड्याच अंतरावर आमच्या भाच्याचे घर आहे. त्या घराच्या तळघरात एक लांबट टेबल असून त्यावर कोंबड्याच्या पाठीवरची लांब पिसे, हरणाच्या शेपटीचे हिरवे-पिवळे रंगविलेले केस, रुपेरी जर, मेणवलेला दोरा, मण्यांएवढे धातूचे डोळे आणि निरनिराळ्या मापांचे गळ मांडलेले असतात. वसईच्या कोणा गृहिणीने ते पाहिले, तर येथे नाताळच्या गोठ्याची तयारी चालली आहे असेच तिला वाटावे. २०२४ च्या जुलै महिन्याच्या आरंभी एका रात्री आम्ही त्या टेबलापाशी बसलो होतो. दुसऱ्या दिवशी पहाटे मासे धरावयास जायचे होते, आणि कोणती काठी, कोणती दोरी, कोणता गळ न्यायचा एवढाच प्रश्न समोर होता. तो प्रश्न केवळ हत्यारांचा आहे, अशी आमची समजूत होती. त्याच्या पोटात सदसद्विवेकाचा प्रश्न दडलेला होता, हे आम्हांला कळावे यासाठी एका माशाला मरावे लागले.

ज्या वाचकांनी या जातीची मासेमारी पाहिलेली नाही, त्यांच्यासाठी आधी थोडे सांगितले पाहिजे. आपल्या किनाऱ्यावर गरवायला बसणारा माणूस गरीला कोळंबीचा तुकडा लावतो, शिशाच्या वजनाने दोरी दूर फेकतो आणि वाट पाहत बसतो. 'फ्लाय' नावाच्या पद्धतीत खरे आमिष नसतेच. पिसे, केस आणि जर गळाभोवती बांधून एक सोंग तयार करतात. मूळची ही विद्या गोड्या पाण्यातली; तेथे हे सोंग पाण्यावर उतरणाऱ्या किड्यामाशीचे असे, म्हणून त्याला 'फ्लाय' हे नाव पडले. खाऱ्या पाण्यात आल्यावर नाव तेच राहिले आणि सोंग बदलले. आता नाव माशीचे आणि रूप मासोळीचे! हे सोंग इतके हलके असते की ते स्वतःच्या वजनाने फेकताच येत नाही. म्हणून येथे वजन दोरीला दिलेले असते. आठ क्रमांकाच्या दोरीचे पहिले ३० फूट सुमारे साडेतेरा ग्रॅम भरतात, नऊ क्रमांकाचे साडेपंधरा, दहा क्रमांकाचे अठरा. ती जाड दोरी काठीच्या लवचीकपणावर मागेपुढे झुलवीत हवेत उलगडायची. मग तिच्या टोकाचे पीस तिच्या मागोमाग जाऊन अलगद पाण्यावर पडते. काठीचा क्रमांक दोरीच्या क्रमांकाशी जुळवावा लागतो, नाही तर सगळा खेळ बिघडतो. आता अशी जाड दोरी माशाला दिसणारच. म्हणून दोरी आणि गळ यांच्यामध्ये निमुळता होत जाणारा पारदर्शक धागा जोडतात. त्याचा अगदी टोकाचा, सर्वांत बारीक तुकडा म्हणजे टिपेट. हा शब्द वाचकांनी ध्यानात ठेवावा.

चेसापीक हा सुमारे ३२० किलोमीटर लांबीचा, पण सरासरीने जेमतेम साडेसहा मीटर खोल असा उपसागर आहे. सस्क्वेहॅनासारख्या मोठ्या नद्या त्यात गोडे पाणी ओततात, अटलांटिक महासागर खालून मीठ पाठवतो, आणि या दोहोंच्या मिश्रणात तेथला मानाचा मासा वाढतो. त्याला पट्टेदार बास म्हणतात. स्थानिक लोक रॉकफिश म्हणतात. अंगलट थोडी आपल्या जिताड्याची, रुपेरी अंगावर डोक्यापासून शेपटीपर्यंत सात-आठ काळसर रेघा. वसंतात तो नद्यांच्या गोड्या पाण्यात चढून अंडी घालतो.

या माशासाठीच १९५० च्या दशकाच्या अखेरीस मेरीलँडचे बर्नार्ड क्रे यांनी एक फ्लाय सिद्ध केली. क्रे (१९२५–२०१८) यांना त्यांच्या क्षेत्रात सारे 'लेफ्टी' म्हणत, म्हणून तिचे नाव 'लेफ्टीज डिसीव्हर', म्हणजे लेफ्टींचा फसव्या. त्यापूर्वीच्या सोंगांची लांब पिसे फेकताना गळाभोवती गुंडाळली जात. क्रे यांनी ती गळाच्या अगदी मागच्या अंगाला बांधली आणि पुढे गळ्याशी हरणाच्या केसांची झालर दिली. हवेत ही पिसे मिटतात आणि वाऱ्याला अडत नाहीत. पाण्यात ती उमलतात आणि मासोळीसारखी श्वास घेतात. १९९१ साली अमेरिकेच्या टपाल खात्याने या फसव्याचे तिकीट काढले. पुढे १९८७ साली, वर उल्लेखिलेल्या सस्क्वेहॅना नदीकाठी राहणाऱ्या बॉब क्लाउझर यांनी दुसरी एक युक्ती काढली. त्यांनी गळाच्या वरच्या अंगाला शिशाचे दोन डोळे बांधले. त्या वजनाने गळ उलटा होऊन टोक वर राहते, तळाशी अडकत नाही, आणि दोरी ओढून सोडली की मासोळी घाबरून बुडी मारावी तशी ती खाली जाते. चेसापीकला जाणाऱ्या माणसाच्या डबीत या दोन वस्तू असल्या, तर तिसरीवाचून त्याचे फारसे अडत नाही.

'फसव्या' या नावाने आम्ही त्या रात्री काही वेळ अडखळलो, हे कबूल केले पाहिजे. माशाला फसविणे हे असत्य होय काय? आठवी आज्ञा शेजाऱ्याविषयीच्या खोट्या साक्षीची गोष्ट करते, आणि मासा हा काही शेजारी नव्हे, असे म्हणून आम्ही स्वतःची सुटका करून घेतली. शिवाय बगळाही पाण्यात ध्यानस्थ उभा राहतोच! आमचा आजही असा समज आहे की, दोष त्या पिसांत नाही. माशाला फसविणारी वस्तू आम्ही नीट तपासली. आम्हांला फसविणारी वस्तू त्याच टेबलावर होती, तिच्याकडे मात्र आमचे लक्ष गेले नाही.

भाच्याने आमच्यासाठी नऊ क्रमांकाची, नऊ फुटी काठी काढून ठेवली होती आणि १६ पौंड ताण सोसणारे टिपेट. आम्ही मात्र कोपऱ्यातील सात क्रमांकाची काठी उचलली. ती हाताला हलकी लागत होती, आणि टिपेटही आम्ही आठ पौंडांचे मागितले.

"मामा, या दिवसांत ती नको," तो म्हणाला. "नऊ नंबरच घ्या."

"मोठा मासा लागला तर दोरी तुटेल म्हणतोस?"

"तुटेल म्हणून नाही, मामा. तुटणार नाही म्हणून."

त्याचे म्हणणे असे होते. बारीक धागा तुटू नये म्हणून माणूस हात राखून खेळतो. मासा दोरी घेऊन पळतो, माणूस ती हळूहळू परत मिळवतो, मासा पुन्हा पळतो. तीन मिनिटांचे काम पंधरा मिनिटांचे होते. तेवढ्या वेळात माशाच्या स्नायूंत आम्ल साचते आणि त्याचा दम संपतो. जुलैतले पाणी गरम असते आणि गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळलेला असतो. दमलेल्या माशाला हवा असतो तेव्हाच तो मिळत नाही. हे सगळे त्याने आम्हांला स्वच्छ मराठीत सांगितले. पुढे जे घडले त्याला अज्ञान हे कारण आम्हांला देता येत नाही, ते यामुळे.

आम्ही त्याचे ऐकले का नाही? कारण आम्ही पुस्तके वाचली होती! या छंदात एक जुना मानसन्मान आहे: बलवान माणसाने नाजूक साधन वापरावे, माशाला सुटण्याची संधी द्यावी, आणि मगच त्याला जिंकावे. आंतरराष्ट्रीय क्रीडा-मत्स्य संघटना, जी १९३९ साली स्थापन झाली, फ्लायच्या विक्रमांची नोंद टिपेटच्या ताकदीनुसार ठेवते. दोन पौंडांपासून वीस पौंडांपर्यंत त्यांचे वर्ग आहेत. धागा जितका बारीक, तितका पराक्रम मोठा. जाड धागा वापरणारा तो रासवट, बारीक धागा वापरणारा तो सभ्य, असा संस्कार आमच्या मनावर झालेला होता. मामांच्या हाती सात क्रमांकाची काठी शोभून दिसेल, असेही आम्हांला वाटले असावे. वयाच्या मानाने ही हौस बरी नव्हे.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही निघालो. मेरीलँडचे मत्स्यखाते उन्हाळ्यात या माशासाठी हवामानाच्या अंदाजावरून हिरवी, पिवळी किंवा तांबडी खूण जाहीर करते. त्या दिवशी पिवळी होती. पिवळ्या दिवशी सकाळी दहाच्या आत मासेमारी आटोपावी, अशी विनंती असते. थॉमस पॉइंटजवळ १८७५ साली बांधलेले एक षट्कोनी लाकडी दीपगृह पाण्यातच खांबांवर उभे आहे. त्याच्या आसपास आम्ही तीन तास दोरी फेकीत होतो आणि काहीच लागत नव्हते. परत फिरावयाच्या बेतात असताना, दहाला पाव तास असेल, समुद्रपक्ष्यांचा एक थवा पाण्यावर कोसळू लागला. आम्ही फसव्या त्या थव्याच्या कडेला टाकला, दोनदा ओढला, आणि तिसऱ्या ओढीला काठी हातातून जाते की काय असे झाले.

ती चौदा मिनिटे आयुष्यातील फार आनंदाची होती, हे आम्ही लपवणार नाही. रिळावरची दोरी किंचाळत जात होती, काठी मुठीपर्यंत वाकली होती, भाचा काही सांगत होता ते ऐकू येत नव्हते. मासा नावेजवळ आला तेव्हा तो एका कुशीवर कललेला होता. भाच्याने आपले हात आधी पाण्यात भिजविले, कारण कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा चिकट थर निघून जातो. मग त्याने रबरी जाळीत मासा घेऊन पट्टीला लावला. २७ इंच.

येथे तेथील कायदा सांगितला पाहिजे. २०२४ साली चेसापीकमध्ये हौशी माणसाला दिवसाला एकच पट्टेदार बास ठेवता येत होता आणि तोही १९ ते २४ इंचांच्या आतला. लहान मासा वाढावा आणि मोठ्याने अंडी घालावीत, म्हणून हा दोन टोकांचा नियम. आमचा मासा तीन इंचांनी मोठा होता. भाच्याने गळ काढला, माशाला दोन्ही हातांनी पाण्यात धरले आणि कल्ल्यांतून पाणी जावे म्हणून नाव हळूहळू पुढे चालविली. मासा तोंड उघडीत होता, मिटीत होता. बऱ्याच वेळाने शेपूट हलली, त्याने हात सोडले, मासा हातभर खाली गेला, आणि मग पांढरे पोट वर करून आमच्या पासून दहा फुटांवर तरंगत आला. त्याने तो पुन्हा धरला. तिसऱ्यांदा धरला तेव्हा तोंड हलत नव्हते.

तो मासा आम्ही खाऊ शकत नव्हतो. उचलून बर्फात ठेवला असता, तर तो गुन्हा ठरला असता. आमच्या आयाबायांनी ज्याच्या डोक्याचेसुद्धा कालवण केले असते, तो चांगला सात पौंडांचा मासा आम्ही पाण्यावर तसाच सोडून आलो आणि मागे वळून पाहिले तेव्हा एक समुद्रपक्षी त्याच्यावर उतरला होता. घरी पोचल्यावर आमच्या पत्नीने विचारले, "मासा कुठे आहे?" या साध्या प्रश्नाला उत्तर देताना आमची जीभ जड झाली.

त्यानंतर काही दिवस आम्ही या गोष्टीचा विचार केला. ज्याला मासा खायचा आहे, त्याने बारीक धागा वापरला तर माशाला खरीच एक संधी मिळते: धागा तुटला तर मासा वाचतो, न तुटला तर मरतो. तेथे त्या सभ्यपणाला अर्थ आहे. पण जो मासा परतच सोडायचा आहे, त्याला सुटण्याची संधी कसली द्यायची? त्याची सुटका ठरलेलीच आहे. मग बारीक धाग्याने काय उरते? फक्त झुंजीची लांबी. ती लांबी माशाच्या कामाची नाही. ती आमच्या कामाची आहे. एका काळी दुसऱ्या हेतूसाठी जन्मलेला सद्गुण हेतू बदलल्यावरही तसाच चालत राहिला आणि त्याच्या अंगात क्रौर्य शिरले, तरी त्याचे नाव सद्गुणच राहिले. दणकट काठी आणि जाड धागा घेऊन मासा तीन मिनिटांत ओढून आणणारा रासवट माणूस माशाच्या बाजूने पाहिले तर दयाळू ठरतो. असे उलटे चित्र आम्ही आमच्या इतर व्यवहारांत कोठे कोठे बाळगून आहो, हा विचार मनात येऊन गेला. पण तो विषय येथे नको.

सोडून दिलेला मासा जगतोच, असे धरून चालणे सोयीचे असते. अटलांटिक किनाऱ्यावरील राज्यांचा मत्स्यआयोग हिशेब करताना असे धरतो की, हौशी लोकांनी सोडलेल्या दर १०० पट्टेदार बासांपैकी ९ मरतात. उष्ण आणि कमी खाऱ्या पाण्यात प्रमाण याहून वाढते. नऊ हा आकडा लहान वाटतो. पण सोडलेल्या माशांची संख्या कोटींत गेल्यावर काय होते? २०१७ साली सोडल्यानंतर मेलेल्या माशांची संख्या हौशी लोकांनी घरी नेलेल्या माशांपेक्षाही जास्त झाली, असा अंदाज आयोगाने केला होता. म्हणून पुढे नियम झाले. नैसर्गिक आमिष वापरणाऱ्यांना २०२१ पासून वर्तुळाकार गळ सक्तीचे झाले, कारण साधा गळ माशाच्या आतड्यापर्यंत जातो आणि वर्तुळाकार गळ बहुधा जबड्याच्या कोपऱ्यात अडकतो. २०२१ साली मेरीलँडने जुलैच्या दुसऱ्या पंधरवड्यात हा मासा धरण्यासच बंदी घातली. फ्लायवाले यावर थोडे गर्वाने म्हणतात की, आमचे सोंग चालते असते, त्यामुळे गळ ओठातच लागतो. ते खरे आहे. आमच्याही माशाच्या ओठातच लागला होता.

मग मुळात जावेच का? हा प्रश्न टाळता येत नाही. माशाला वेदना होतात काय, यावर शास्त्रज्ञांत एकमत नाही. २००३ साली लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्राउट माशाच्या तोंडाभोवती इजा ओळखणारे मज्जातंतू असल्याचे दाखविले आणि ओठाला आम्ल टोचलेले मासे तळाच्या खड्यांवर ओठ घासतात असे नोंदविले. जाणिवेशिवाय याला वेदना म्हणता येणार नाही, असे दुसरे म्हणतात. स्वित्झर्लंडने या वादाच्या निकालाची वाट पाहिली नाही. परत सोडण्याच्याच हेतूने मासा गळाला लावणे तेथे २००८ च्या प्राणिसंरक्षण नियमांनी निषिद्ध केले आहे. खायचा असेल तर धरा, असा त्याचा रोख. आपल्या ख्रिस्तसभेच्या १९९२ च्या धर्मशिक्षण-ग्रंथातही अन्नवस्त्रासाठी प्राण्यांचा उपयोग न्याय्य मानला असून, त्यांना विनाकारण यातना देणे वा मारणे मानवी प्रतिष्ठेला सोडून आहे, असे म्हटले आहे. सगळा भार त्या 'विनाकारण'वर येतो. मौज हे कारण होय काय? आपल्या किनाऱ्यावर पाग फेकणाऱ्या माणसापुढे हा प्रश्न ठेवला, तर तो आपल्याकडे विचित्र नजरेने पाहील. सोडून देण्यासाठी मासा धरणे त्याला कळणारच नाही. शुभवर्तमानांत जाळी वारंवार येतात, पण गळ एकदाच येतो, मत्तयाच्या सतराव्या अध्यायात, आणि तोही कराचे नाणे भरण्याच्या गरजेसाठी. (त्या माशाचे पुढे काय झाले, हे मत्तय सांगत नाही. पेत्र कोळीच होता. त्याने तो टाकला नसावा.)

आमचे मन स्वित्झर्लंडकडे झुकते. तरीही दुसरी बाजू न सांगणे अन्याय होईल. १९७० च्या दशकानंतर हा मासा इतका घटला होता की, मेरीलँडने १९८५ ते १९९० अशी पाच वर्षे तो धरण्यास संपूर्ण बंदी केली. नंतर तो पुन्हा वाढला. २०१९ पासून मात्र पिलांची संख्या वर्षानुवर्षे सरासरीच्या बरीच खाली राहिली आहे. या सगळ्या काळात त्याच्या बाजूने सभांना जाणारे, परवान्याचे पैसे भरणारे, आपल्याच हौसेवर निर्बंध मागणारे अनेक लोक हेच पिसे बांधणारे लोक होते. ज्याच्याशी खेळावे त्याच्यावर माणसाचा जीव जडतो. हे प्रेम माशाला किती परवडते, हा हिशेब वेगळा. पण ते प्रेम नाही, असे आम्हांला म्हणवत नाही.

बंदीचा पंधरवडा १६ जुलैला सुरू होणार होता. त्याआधी एक रात्र भाचा पुन्हा टेबलापाशी बसला आणि आम्हीही बसलो. या वेळी आम्ही नऊ क्रमांकाची काठी घेतली, २० पौंडांचे टिपेट बांधले, आणि चिमट्याने एकेका गळाचा उलटा काटा दाबून सपाट केला, म्हणजे काढताना ओठ फाटू नये. चिमट्याखाली काटा मोडतो तेव्हा बारीकसा टक् आवाज येतो. सात-आठ गळ झाल्यावर भाचा म्हणाला, "मामा, पुरे. एवढे लागणार नाहीत."

पहाटे साडेपाचला आम्ही पाण्यावर होतो. सव्वासहाला एक मासा लागला, २१ इंचांचा. तीन मिनिटांच्या आत तो जाळीत आला आणि बर्फात गेला. संध्याकाळी त्याचे आंबट कालवण झाले. त्यानंतर काही वेळाने पक्षी पुन्हा जमले, पाणी फसफसू लागले, चहूबाजूंना मासे उसळत होते. आमचा दिवसाचा मासा झाला होता. आता जो लागेल तो सोडावाच लागणार होता. आम्ही दोरी रिळावर गुंडाळली आणि काठी आडवी ठेवली. भाचा आणखी अर्धा तास फेकीत राहिला. तो अजून तरुण आहे, आणि त्याची काठी दहा क्रमांकाची होती.